ओळखणारे दोघे आणा

आमच्या मालकांच्या फाटकाची कडी वाजवली की आतून आवाज यायचा, "कोण?" बाहेरचा माणूस सवयीनं म्हणायचा, "मी." मग आतून पुन्हा, "मी म्हणजे कोण? जगात सगळेच मी आहेत." पूर्ण नाव आणि कुठून आलो ते सांगितल्याबिगर कडी निघत नव्हती. दूधवाला कैक वर्षं तिथं दूध घालत होता, तरी रोज सकाळी बापाच्या नावासकट आपलं नाव सांगायचा. त्याला त्याची अशी सवय लागली की दुसऱ्यांच्या दारातही तो तसंच सांगायला लागला, आणि लोक त्याच्याकडं बघत राहायचे.

एका दिवाळीला जावई आला. हातात बॅग घेऊन फाटकात उभा.

"कोण?"

"मी, जावई."

"कुणाचा?"

"तुमचाच, बाबा."

"नाव सांगा."

मालकांना लेक एकच. दुसरा जावई कुठून येणार? पण त्यानं मुकाट्यानं नाव सांगितलं, तवा आत घेतला. आमची मंडळी मागच्या खोलीत तोंडात पदर कोंबून हसत होती.

मालक म्हणजे घरमालक. कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर त्यांची सगळी नोकरी गेली. आलेल्या कागदावर शिक्का, गेलेल्या कागदावर शिक्का. निवृत्त झाल्यावर शहराच्या कडेला गारखेड्यात प्लॉट घेऊन घर बांधलं आणि मागं दोन पत्र्याच्या खोल्या काढल्या. त्यातली एक आमची. आता मालकही नाहीत आणि माझी बायकोही नाही. सांगायचं आहे ते मालकांचं, पण ती मधे मधे येणार. तिला वगळून मला त्यांचं काही सांगता येत नाही.

आम्ही फुलंब्रीच्या बाजूच्या एका खेड्यातले. लागोपाठ दोन वर्षं पाऊस गेला. विहिरीत उतरलं तरी पाय भिजत नव्हते. तिकडं गाव रिकामं होत होतं आणि इकडं शहर वाढत होतं. गारखेड्याला जिकडं बघावं तिकडं विटा, वाळू, खडी. मी आधी बिगारी म्हणून लागलो, पुढं मिस्त्री झालो. खोली मागायला गेलो तवा मालक म्हणाले, "ओळखणारे दोघे आणा."

मी आमच्या मुकादमाला आणि एका टेम्पोवाल्याला घेऊन गेलो. मालक मुकादमाला म्हणाले, "यांना तुम्ही ओळखता, ठीक आहे. तुम्हाला कोण ओळखतं?" मुकादमाचं डोकं फिरलं, पण त्यानं मला खोली मिळवून द्यायचा शब्द दिला होता. त्यानं सिमेंटच्या दुकानदाराला बोलावलं. मग दुकानदाराला ओळखणारा कोण? असं करत करत फाटकात सात माणसं उभी राहिली. सातवा उस्मानपुऱ्यातला एक म्हातारा शिपाई निघाला. तो मालकांच्याच कचेरीत होता. मालकांनी त्याला चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "हं. आता लागला पत्ता." मग सगळ्यांना चहा दिला. टेम्पोवाल्याची तेवढ्यात एक खेप बुडाली होती, तो चहा न घेताच गेला.

मी बायकोला म्हटलं, "ह्या माणसाच्या डोस्क्यात काय तरी बिघाड हाय." ती म्हणाली, "असू द्या. अशा माणसाच्या घरात चोरी होत नाय." ते मात्र खरं निघालं.

मालक असे का झाले, ते त्यांनीच एकदा सांगितलं. मी त्यांच्या मागच्या भिंतीला गिलावा करत होतो आणि ते खुर्ची टाकून समोर बसले होते. नोकरीत असताना एका मतदानाला ते दुपारी गेले. तिथला कारकून म्हणाला, तुमचं मत तर सकाळीच पडलं. मालकांनी बोट दाखवलं. बोटाला शाई नव्हती. तिथला प्रत्येक जण म्हणाला की होय, तुमचं बरोबर दिसतंय, पण नावापुढं खूण झालीय. मग त्यांना एक वेगळी मतपत्रिका दिली. तिच्यावर शिक्का मारून घेतला आणि ती पेटीत न टाकता पाकिटात ठेवली.

"ती पाकिटं मोजणीत धरत नाहीत, मिस्त्री," मालक म्हणाले. "उगाच ठेवून देतात. माझ्या टेबलावर तीस वर्षांत असा एक कागद नव्हता, जो आला आणि कुठंच गेला नाही."

"मंग पुढं?"

"पुढं काय? जो कुणी माझं नाव सांगून मत टाकून गेला, त्याला कुणी विचारलं नाही, 'कोण?' एवढाच प्रश्न होता. एका शब्दाचा."

तवापासून दर मतदानाला ते एजंट म्हणून आत बसायला लागले. कुठल्या पक्षाचं त्यांना काही नव्हतं. जो उमेदवार बसवील त्याचे. एकदा एका अपक्षाकडून बसले, त्याला सगळ्या मिळून इतकी कमी मतं पडली की लोक म्हणाले, मालकांनी स्वतःचं तरी त्याला टाकलं का? मालक म्हणाले, "ते सांगायचं नसतं." फोटोचं कार्ड निघणार असं सरकारनं सांगितलं, तवा सगळ्या गारखेड्यात त्यांच्याइतका आनंद कुणाला झाला नसेल.

मला ते पटत नव्हतं आणि मी तसं तोंडावर म्हणायचो. म्हटलं, "मालक, आमच्या गावात कागद कुणी इचारत नाय. तोंड बघून कळतं, हा कुणाचा कोण. तुमच्या शहरात शेजाऱ्याला शेजारी ओळखत नाय, म्हणून तुमाला फोटो लागतो. आमच्यासारख्यानं आज हितं, उद्या तिथं राबायचं. त्यानं कागद कुठं कुठं सांभाळायचा? ज्याच्याजवळ कागद नाय तो मेला काय?"

मालक म्हणाले, "गावात सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणजे गावात खोटं मत पडत नाही?"

आता माझी जीभ थांबायला पाहिजे होती. पण मला खोटं बोलता येत नाही, म्हणून सांगून टाकलं. गावात असताना एका मतदानाला सरपंचाच्या माणसानं मला चिठ्ठी दिली होती. चुलत्याच्या नावाची. चुलता आदल्या वर्षी वारला होता. आत बसलेले सगळे मला ओळखत होते आणि चुलत्यालाही ओळखत होते. त्याच्या मयताला आले होते ते. एकानं पण तोंड उघडलं नाही. मी आधी चुलत्याचं मत टाकलं, मग बोटाची शाई चुन्यानं पुसून माझं टाकलं.

मालक आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी माझ्या खोलीपुढं उभे राहिले आणि म्हणाले, "तुमचा चुलता कुणाला मत देणार होता?"

"मेलेला माणूस कुणाला देणार, मालक?"

"तेच म्हणतो मी. ते तुम्ही ठरवलंत."

मला राग आला, पण ते शब्द डोक्यातून गेले नाहीत.

बायकोचं ह्या बाबतीत वेगळंच होतं. आम्ही गाव सोडून दोन वर्षं झाली, तवा गावच्या यादीतून आमची नावं उडाली. शहराच्या यादीत अजून चढली नव्हती. त्या मधल्या काळात एक मतदान झालं. गल्लीतल्या सगळ्या बायका बोटाला शाई लावून आल्या, ही फुंकणी घेऊन चुलीपुढं बसली होती. रात्रीचं जेवण वाढताना म्हणाली, "गावात मी नाय, हितं मी नाय, मंग मी हाय कुठं?" मी म्हटलं, मत पडलं नाही तर काय आभाळ कोसळलं? दुसऱ्या दिवशी ती मालकांकडं गेली आणि म्हणाली, आमची नावं घाला. मालकांनी फॉर्म भरले. दोघं ओळखणारे मात्र त्यांनी ह्या वेळी मागितले नाहीत.

नावं चढली आणि फोटोचं शिबिर लागलं. साल परत दुष्काळाचं होतं. गल्लीला नळ नव्हता, चार-पाच दिवसाला टँकर यायचा. शिबिर शाळेच्या वर्गात. मालक आपण होऊन तिथं उभे राहिले. फोटोवाल्याला म्हणाले, तुम्ही फक्त बटण दाबा, नंबर मी पुकारतो. आमच्या गल्लीच्या बायका त्यांनी यादीप्रमाणं ओळीनं बसवल्या. मालकांनी नंबर पुकारायचा, बाईनं स्टुलावर बसायचं, तिच्या हातात नंबर लिहिलेली पाटी द्यायची, फोटो काढायचा. कुणाला बोलायचं काम नाही. तीन-चार बायकांचं झालं आणि बाहेर टँकरचा हॉर्न वाजला.

ओळ एका दमात मोकळी. बायका हंडे घ्यायला पळाल्या. मालक ओरडले, "अहो, रांग सोडू नका, रांग!" ऐकतंय कोण? अर्ध्या तासानं बायका ओल्या पदरानं परत आल्या आणि जिचं भरून आधी झालं ती आधी बसली. आमच्या हिचे हंडे जास्त, ही मागं राहिली. मालकांनी यादीत डोकं घातलं आणि पुढचा नंबर पुकारला. मान वर करून बघितलं नाही. बायकांना वाचता येत नव्हतं, पाटी हातात दिली ती छातीशी धरली.

काही महिन्यांनी प्लास्टिकमधली कार्डं आली. मालकांनी ओट्यावर बसून वाटली. सात बायकांची तोंडं इकडची तिकडं झाली होती. आमच्या हिच्या नावावर कौशाबाईचा फोटो, आणि कौशाबाईच्या नावावर हिचा. कौशाबाई म्हणजे आमच्या शेजारच्या पत्र्याच्या खोलीतली, बांधकामावर पाणी मारायला जायची. ही कार्ड बघून म्हणाली, "बया, म्या तर कौशाबाईच्या घरात नांदायला लागले." कौशाबाई म्हणाली, "मंग आज सैपाक कर आमचा. त्येला तिखट लागतं."

सगळी गल्ली हसली, मालक हसले नाहीत. म्हणाले, "रांग सोडून पळायला नको होतं."

कौशाबाई म्हणाली, "मालक, फोटो परत निघंल. टँकर गेला म्हंजी गेला."

त्यांनी दुरुस्तीचे सात फॉर्म भरून पाठवले. पण चूक बायकांची, हे त्यांनी सोडलं नाही. कुणी विषय काढला की म्हणायचे, रांग मोडली नसती तर काही झालं नसतं. दुरुस्ती व्हायच्या आत मतदान आलं.

कार्ड नाही तर दुसरा कागद दाखवा, असं होतं. बाकी बायकांनी राशनकार्ड वगैरे नेलं. आमचं राशनकार्ड अजून गावाकडं भावाच्या घरी होतं. हिच्याजवळ फक्त ते कार्ड, नाव तिचं आणि तोंड कौशाबाईचं. आदल्या दिवशी दोघींनी ठरवलं की संगं जायचं. दोन्ही कार्डं आणि दोन्ही तोंडं एकदम पुढं केली की झालं.

शाळेच्या वर्गाला दार एकच. एका बाजूनं बायांची ओळ, दुसऱ्या बाजूनं आमची. मी दारातच होतो, आतलं सगळं दिसत होतं. आत टेबलामागं साहेब, तरुण माणूस, दुसऱ्या कुठल्या गावाहून आलेला. बाजूला बाकावर एजंट. त्यात मालक, पुढ्यात यादी आणि फूटपट्टी.

साहेब हिला म्हणाले, "हा फोटो तुमचा नाही."

ही म्हणाली, "नाय. फोटो हिचा हाय. माझा फोटो हिच्या कार्डावर हाय."

कौशाबाईनं आपलं कार्ड पुढं केलं. "साहेब, आमी दोघी संगंच आलोत. दोन्ही बघा. एकीचं तोंड कमी नाय का जास्त नाय."

ओळीत खसखस पिकली. साहेबांना तो चेष्टेचा प्रकार वाटला. कौशाबाईचं राशनकार्ड बघून तिला पुढं सोडलं आणि हिला म्हणाले, "दुसरा कागद आणा. नाहीतर बाजूला व्हा." दुसरा कागद गावाकडं. बस धरून जाऊन येईतो मतदान संपलं असतं. ही तशीच उभी राहिली, बाजूला झाली नाही.

बाकावरचा दुसरा एजंट म्हणाला, "जाऊ द्या हो साहेब, आमच्या वॉर्डातली बाई आहे. आम्ही ओळखतो."

तवा मालक उठले. "ओळखतो म्हणून जाऊ द्यायचं नाही. आणि कागद नाही म्हणून असं हाकलायचंही नाही. मी आक्षेप घेतो." त्यांनी खिशातून दोन रुपये काढून टेबलावर ठेवले. आक्षेप घ्यायला तेवढे भरावे लागायचे.

मला फक्त आक्षेप एवढंच कळलं. माझं टाळकं सटकलं. मी दारातून म्हटलं, "मालक, रोज तिच्या हातचा चहा पिता आन तिलाच वळखत नाय व्हय?"

"मिस्त्री, तुम्ही रांगेत राहा."

साहेब वैतागून म्हणाले, "काका, काय आक्षेप आहे तुमचा?"

"कार्डावरचा फोटो या बाईंचा नाही. चौकशी करा आणि ठरवा."

"फोटो बदलला कसा?"

मालकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कौशाबाई मत टाकून तिथंच रेंगाळली होती, ती काही बोलेल असं वाटलं. पण मालक म्हणाले, "शिबिरात नंबर मी पुकारले. बायका पाणी भरून आल्या, तर समोर कोण बसलंय हे मी बघितलं नाही. चूक माझी आहे. तसं लिहून घ्या."

"त्याची गरज नाही."

"लिहून घ्या. मी सही करतो."

साहेबांनी लिहिलं आणि मालकांनी सही केली. मग साहेबांनी हिला विचारायला सुरुवात केली. नाव सांगितलं. वय सांगितलं, "असंल चाळीसच्या आत." घर सांगितलं, "ह्या मालकाच्या मागं, पत्र्याच्या खोलीत."

"नवऱ्याचं नाव?"

ती गप्प.

आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं म्हणतात. आमच्या लग्नाला तवा वीस वर्षं होत आली होती आणि तिच्या तोंडून मी माझं नाव ऐकलं नव्हतं. कौशाबाई म्हणाली, "थांबा, म्या सांगते." मालक म्हणाले, "दुसऱ्यानं सांगायचं नाही." त्यांना हे सगळं ठाऊक होतं. त्यांची बायको पण त्यांचं नाव घेत नव्हती.

साहेब म्हणाले, "बाई, फोटो दुसरीचा, आणि नवऱ्याचं नाव सांगता येत नाही. मी काय समजायचं?"

तिनं दाराकडं, माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली का नाही, मला आठवत नाही. मग तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि माझं नाव घेतलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट. एकदाच, पण स्पष्ट. साहेबांनी यादीत बघितलं आणि म्हणाले, "बरोबर. जा, मत टाका."

घरी आल्या आल्या तिनं देवापुढं दिवा लावला. मी म्हटलं, आता कशाला दिवा? म्हणाली, "तुमचं जेवढं घटलं आसंल तेवढं माझ्यातलं घ्या, म्हणून सांगितलं देवाला." मी हसलो तवा.

मी महिनाभर मालकांशी बोललो नाही. ती मात्र चहा नेऊन देत होती. पुढं त्या दुसऱ्या एजंटानं मला समजावून सांगितलं, की मालकांनी आक्षेप घेतला म्हणून साहेबाला चौकशी करावी लागली, नाहीतर त्यानं तिला तसंच घालवलं असतं. मी जाऊन मालकांना विचारलं, "तिच्यासाठी घेतला का आक्षेप?"

"नियमासाठी घेतला."

मी पुन्हा विचारलं नाही. खरं काय ते मला आजही सांगता येणार नाही. तसं कार्ड पाहिजे का नको, हेही मला अजून नीट सांगता येत नाही. चुलत्याचं आठवलं की वाटतं पाहिजे. ती टेबलापुढं उभी होती ते आठवलं की वाटतं, घाला चुलीत.

नंतर आम्ही दोन गल्ल्या सोडून प्लॉट घेतला, घर मीच बांधलं. नळ आला. पोरगा पुण्याला लागला. लई वर्षांनी ती आजारी पडली आणि चार महिन्यांत गेली. त्या साली पण पाऊस नव्हता, नळ कोरडे होते. तेरावं झालं, पोरगा परत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मालक आले, काठी टेकत. त्यांना चालवत नव्हतं, ऐकूही कमी यायचं. खाटेवर बसले, पिशवीतून कागद काढला.

"यादीतून नाव कमी करायचा अर्ज आहे."

मी म्हटलं, "मालक, तेरावं काल झालं. आजच पायजे होतं का हे?"

"यादी याच महिन्यात दुरुस्त होते."

"ऱ्हाऊ द्या तिचं नाव. कुणाच्या काय डोळ्यात खुपतं? त्या नावासाठी तिनं काय केलं, ते तुमी डोळ्यानं बघितलं."

"बघितलं म्हणून आलो. उद्या कुणीतरी बाई येईल, तिचं नाव सांगेल आणि मत टाकून जाईल. चालेल तुम्हाला?"

मी उठून त्यांना तांब्यातलं पाणी दिलं. ते मालक सावकाश प्याले, घाई केली नाही. मग मी म्हटलं, "नाय चालायचं."

त्यांनी पेन काढलं. अक्षर अजून कचेरीतलंच होतं. "मयताचं नाव?"

"तुमाला ठावं हाय."

"मला माहीत असून उपयोग नाही. अर्जदारानं सांगायचं असतं."

मी जन्मभर तिला अगं, ऐकलं का, नाहीतर पोराचं नाव घेऊन त्याची आई म्हटलं. तिच्यापुढं तर नाहीच, तिच्यामागंही कधी तिचं नाव घेतलं नव्हतं. आता घेतलं. मालकांनी कानामागं हात धरला.

"जरा मोठ्यानं, मिस्त्री."

मी पुन्हा घेतलं. समोरच्या दारात एक बाई गहू निवडत होती, तिनं वर बघितलं. मालकांनी नाव लिहून घेतलं, सही कुठं करायची तिथं बोट ठेवलं, आणि मी केली.